न्यायालयातील सुधारणा यशस्वी झाली, हे कशावरून ठरवावे?

प्रश्न : फौजदारी न्यायालयांत नवी पद्धत सुरू झाली की काही महिन्यांनी ‘इतकी प्रकरणे निकाली’ असा आकडा जाहीर होतो. तेवढ्यावरून सुधारणा उपयोगी ठरली असे मानावे का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : मानू नये. निकाली प्रकरणांची संख्या वाढली तरी ती नव्या पद्धतीमुळेच वाढली का, आणि आरोपी, फिर्यादी व साक्षीदार यांच्या पदरात काय पडले, हे त्या आकड्यातून कळत नाही. त्यासाठी तुलना लागते.

न्यूयॉर्कमध्ये १९६१ साली व्हेरा फाउंडेशनने सुरू केलेला मॅनहॅटन जामीन प्रकल्प या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. विधी शाखेचे विद्यार्थी नुकत्याच अटक झालेल्या आरोपीला भेटून तो कोठे व किती काळ राहतो, घरी कोण आहे, कामधंदा काय, पूर्वी शिक्षा झाली आहे का, हे विचारीत, उत्तरे पडताळीत आणि त्यांना गुण देत. पुरेसे गुण मिळालेल्यांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी होई. एका गटाला रक्कम न घेता सोडावे अशी शिफारस न्यायाधीशांपुढे जाई, दुसऱ्याबाबत जात नसे. शिफारस झालेल्यांपैकी सुमारे ६० टक्के आरोपी रक्कम न भरता वैयक्तिक हमीवर सुटले, तर दुसऱ्या गटातील अवघे १४ टक्के. दोन्ही गट मुळात सारखे असल्याने हा फरक शिफारशीचाच होता, असे खात्रीने म्हणता आले. सुटलेल्यांपैकी तारखेला जाणूनबुजून गैरहजर राहणारे पहिल्या तीन वर्षांत दोन टक्क्यांहूनही कमी निघाले. दुसऱ्या गटावर अन्याय झाला, हा आक्षेप मला गंभीर वाटतो. म्हणून अशी चाचणी अल्पकाळच चालवावी आणि उत्तर मिळताच थांबवावी.

आपल्याकडे १९७९ च्या हुसैनारा खातून खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आरोपीला वैयक्तिक हमीवर सोडण्यासाठी वास्तव्य, नोकरी, कुटुंब हेच निकष सांगितले. तरीही जामीन मंजूर होऊन जामीनदाराअभावी कोठडीतच राहणारे कैदी आजही आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशानुसार जामीन मिळून सात दिवसांत कैदी सुटला नाही, तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या (गरजूंना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या यंत्रणेच्या) सचिवांना कळवायचे असते. या आदेशाचे मूल्यमापन करताना किती पत्रे गेली हे मोजू नये; जामिनाचा हुकूम आणि प्रत्यक्ष सुटका यांत किती दिवस गेले, आणि आदेशापूर्वी त्याच तुरुंगात किती जात होते, हे प्रत्येक कैद्याच्या नोंदीवरून तपासावे.