पाणी गार झालंय

"ती माझ्यावर एवढं प्रेम करते, मग मला तिची भीती का वाटते? माझ्यातच काही खोट आहे का?"

समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे. कधी नवऱ्याबद्दल, कधी मित्राबद्दल. १९ वर्षांच्या रेवाने तो ईशा नावाच्या एका मुलीबद्दल विचारला. (दोघींची नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

पहिल्या भेटीत ती प्रेमाचं काही बोललीच नाही. झोप लागत नाही, वाचलेलं डोक्यात राहत नाही, एवढंच. वेळ संपली, ती उठली आणि दाराशी जाऊन म्हणाली, "ताई, ती मुलगी आहे. चालेल ना?" उंबरठ्यावर बोललेलं वाक्य मी कधीच सोडत नाही. तिला परत बसवलं. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, तेव्हा तिचा जन्मही झाला नव्हता. पण तिच्या मनातली यादी जुनीच होती. "मुलीवर प्रेम केलं म्हणूनच हे असं भलतीकडे गेलं" ही गाठ तिने स्वतःच बांधली होती, आणि ती सुटेपर्यंत पुढचं काही दिसणार नव्हतं. मी तिला एकच विचारलं, "ईशाच्या जागी मुलगा असता आणि तो हेच वागला असता, तर तू काय म्हणाली असतीस?" तिने क्षणाचाही विचार न करता उत्तर दिलं, "पळ, म्हणाले असते."

ईशा चित्रकार. रेवा तिच्यासमोर बसायची. "पहिल्याच चित्रात तिने माझ्या कानामागचा तीळ काढला होता. तो मलाच माहीत नव्हता." हे सांगताना रेवाचा चेहरा उजळला. ते सुख खरं होतं आणि ते खोटं ठरवायची मला अजिबात घाई नव्हती.

मग चित्रं वाढत गेली. चित्र पुरं होईपर्यंत केस कापायचे नाहीत असं ठरलं. एक चित्र पुरं झालं की दुसरं सुरू व्हायचं. मैत्रिणींबरोबर गेलं की अबोला. एके दिवशी ईशा खोलीत नसताना रेवाच्या हाती एक रेखाटनवही लागली. ग्रंथालयाच्या पायरीवर हसणारी रेवा, रस्ता ओलांडणारी रेवा, घराच्या खिडकीत केस विंचरणारी रेवा. प्रत्येक चित्राखाली तारीख. "त्यातल्या एकाही दिवशी आम्ही भेटलो नव्हतो, ताई."

तिने जाब विचारला, तर ईशा रडली. "तुझ्याशिवाय मला दुसरं काही काढताच येत नाही." थोडे दिवस थांबूया म्हटल्यावर मात्र शांतपणे म्हणाली, "प्रदर्शनात चित्रांखाली तुझं नाव लिहू का?" रेवाच्या घरी कुणालाच काही माहीत नव्हतं. या एका वाक्यापाशी माझं मत पक्कं झालं. घरी कळवण्याची धमकी ही धमकीच असते, ती कितीही हळुवार आवाजात दिलेली असो.

रेवाला थरारकथा आवडतात. मुलींवर प्रेम करणाऱ्या मुली तिला गोष्टींत फारशा भेटल्याच नव्हत्या. जिथे भेटल्या तिथे त्यांचं प्रेम म्हणजे पाठलाग, मत्सर आणि शेवटी रक्त. "वाचताना मला वाटायचं, माझ्यासाठी कुणीतरी असं वेडं व्हावं." पुस्तकांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. गोष्टीतला धोका हवाहवासा वाटतो, कारण पान आपल्या बोटाखाली असतं, केव्हाही मिटता येतं. रेवाला आता मिटता येत नव्हतं.

आणखी एक गोष्ट ईशाने तिला भक्तीचा नमुना म्हणून सांगितली होती. १८५२च्या सुमाराला जॉन एव्हरेट मिले हा इंग्रज चित्रकार शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट' नाटकातल्या बुडत्या ओफेलियाचं चित्र काढत होता. त्यासाठी एलिझाबेथ सिडल ही तरुणी पाण्याने भरलेल्या टबात तासन् तास पडून राहायची. पाणी कोमट राहावं म्हणून खाली दिवे लावलेले असत. एकदा ते विझले. चित्रकार रंगात गुंगला होता, त्याच्या लक्षातच आलं नाही, आणि ती काही बोलली नाही. पुढे ती चांगलीच आजारी पडली, वडिलांनी मिलेकडे उपचारांचा खर्च मागितला. ईशाला यात समर्पण दिसत होतं. मी रेवाला विचारलं, "पाणी गार झालंय, असं ती म्हणाली असती तर?"

बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "चित्र थांबलं असतं. चित्रकार कदाचित चिडला असता."

"आणि ईशा?"

"मी कधी म्हणूनच बघितलं नाही."

पुढच्या भेटींत आमचं काम याच वाक्यावर चाललं. प्रेम किती उत्कट आहे यावरून मी काहीच ठरवत नाही. नकार दिल्यावर समोरचं माणूस काय करतं, ते बघते. रेवाने एक लहानसा नकार देऊन पाहिला: रविवारी येणार नाही. त्या रात्री ३१ फोन आले. पहाटे मात्र एक नितांत सुंदर चित्र आलं, आणि ती पुन्हा विरघळली. हा तिचा दुबळेपणा नव्हता. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगांत दिसलं होतं, की दाणा कधी मिळेल याचा नेम नसला की कबुतर टोचा मारणं सहजासहजी सोडत नाही. माणसाचंही थोडंफार तसंच होतं. आणि हे दोन्हीकडून लागू पडतं: ३१वा फोन उचलला, तर पुढच्या वेळी ३१ फोन करावे लागतात एवढंच समोरचा शिकतो.

"ती वेडी आहे का?" रेवाने विचारलं. न भेटलेल्या माणसाचं निदान मी करत नाही. एखाद्याच्या विचाराने मन असं व्यापून जाण्याला डोरोथी टेनोव या मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात 'लिमरन्स' हे नाव दिलं. असं मन पुष्कळांचं होतं, आणि ईशाचं दुःख मला खरंच वाटतं. पण मनाने झुरणं वेगळं आणि खिडकीखाली उभं राहणं वेगळं. त्या दुसऱ्या गोष्टीची जबाबदारी ईशाचीच.

घरी सगळं सांगून टाक, असं मी रेवाला म्हटलं नाही. डोक्यावरचं छप्पर ज्यांच्या हाती आहे त्यांना काय आणि कधी सांगायचं, हे तिनेच ठरवायचं. तिने मावसबहिणीला निवडलं. आधी फक्त पाठलागाचं सांगितलं, पंधरा दिवसांनी बाकीचं. एका जवळच्या माणसाला आपणहून सांगितल्यावर धमकीचा धाक निम्म्याने उतरला. वहीतल्या पानांचे फोटो आणि निरोप तारखांसकट जपून ठेवले, पोलिसांकडे जायची वेळ आलीच तर म्हणून. मग ईशाला एकच निरोप, कारणं न देता: मला हे नातं थांबवायचं आहे, भेटू नकोस, माझी चित्रं लावू नकोस.

उत्तर आलं, "मग मी जगणार नाही." असं वाक्य मी कधीच नाटक म्हणून सोडून देत नाही. रेवाने त्याच मिनिटाला ईशाच्या बहिणीला फोन करून तो निरोप जसाच्या तसा वाचून दाखवला, आणि स्वतः गेली नाही. ते तिला फार जड गेलं. बहीण रात्रभर ईशाजवळ थांबली आणि दुसऱ्या दिवशी तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली.

प्रदर्शनात दोन चित्रं लागलीच. नाव नव्हतं.

शेवटच्या भेटीला रेवा बरी दिसत होती, झोप येत होती. बोलता बोलता तिचे डोळे भरले. "माझ्याकडे इतकं लक्ष देऊन कुणी कधी बघितलंच नव्हतं, ताई. आता तसं कुणी बघत नाही." मी तिला थांबवलं नाही. उरलेला वेळ ती ईशाबद्दलच बोलत राहिली, त्या तिळाबद्दलही.