दृश्याचं वर्णन ऐकून जुना चित्रपट ओळखायचा कसा?

तुमचा प्रश्न असा आहे: मित्रमंडळी एखाद्या गाजलेल्या जुन्या चित्रपटातला प्रसंग दोन ओळींत सांगतात, नाव ओळखायचं असतं, आणि चित्रपट पाहिलेला असूनही ऐन वेळी तुमचं डोकं चालत नाही. वाईट वाटून घेऊ नका. यात निम्मा दोष सांगणाऱ्याचा असतो.

मीही सुरुवातीला सपाटून हरायचो, कारण मी कथानक आठवत बसायचो. ‘भाऊबहीण आगगाडी बघायला धावतात’ असं कुणी म्हटलं की डोक्यात आगगाड्यांचीच रांग लागायची. मग एकदा एकीनं तोच प्रसंग असा सांगितला: पांढऱ्या तुऱ्यांचं उंच गवत, पोरं तारेच्या खांबाला कान लावून उभी, आणि खांब गुणगुणतोय. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी ओरडलो, ‘पथेर पांचाली’! (१९५५ चा. त्या तुऱ्यांचं पुढं काय झालं तेही ऐका. सत्यजित राय थोडं चित्रीकरण उरकून काही दिवसांनी परत गेले, तर गुरांनी सगळे तुरे फस्त केलेले. उरलेल्या भागासाठी पुढच्या मोसमापर्यंत थांबावं लागलं.)

तेव्हापासून मी एकच पथ्य पाळतो. गोष्ट सोडायची आणि वस्तू धरायची. ‘भुकेला माणूस काहीतरी भलतंच खातो’ यावरून काय कळणार? पण बुटाची नाडी शेवयांसारखी काट्याला गुंडाळणारा आणि खिळा हाडासारखा चोखणारा माणूस चित्रपटाच्या इतिहासात एकच, ‘द गोल्ड रश’मधला (१९२५) चॅप्लिन. तो बूट खरं तर ज्येष्ठमधाच्या मिठाईचा बनवलेला होता.

कधी कधी वस्तूही नसते, नुसता दोन दृश्यांमधला सांधा असतो. आकाशात भिरकावलेलं हाड खाली येता येता अवकाशयान होतं: ‘२००१: अ स्पेस ओडिसी’. पेटलेल्या काडीवर फुंकर आणि लगेच वाळवंटातला सूर्योदय: ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’. अशी कोडी सोपी असतात, फार वेळ घालवू नका.

खरी पंचाईत वेगळीच. सांगणाऱ्याच्याच आठवणीत गडबड असते आणि तो शपथेवर चुकीचं सांगतो. आमच्यातला एक जण न्हाणीघरातल्या खुनाचं वर्णन करताना लालभडक रक्त मोरीकडे वाहतंय असं म्हणाला. मी बिचारा रंगीत चित्रपट आठवत बसलो. निघाला ‘सायको’, १९६० चा, पूर्ण कृष्णधवल! त्यातलं रक्त म्हणजे चॉकलेटचं सिरप, कारण काळ्यापांढऱ्यात तेच रक्तासारखं दिसायचं. तरी हा गडी अर्धा तास मानायला तयार नाही. त्याऐवजी ‘पडद्याच्या कड्या एकेक करून तटातट निघतात’ एवढंच म्हणाला असता तरी भागलं असतं.

संवादांवर तर अजिबात विसंबू नका. ‘अरे ओ सांबा, कितने आदमी थे?’ हे वाक्य आपण सगळ्यांनी आयुष्यात शंभरदा ऐकवलंय, पण ‘शोले’त (१९७५) ते असं नाहीच. माणसं किती होती हा प्रश्न हात हलवत परतलेल्या कालिया मंडळींना आहे. सांबाला गब्बर विचारतो ते सरकारनं लावलेल्या बक्षिसाबद्दल. ‘कासाब्लांका’तलं (१९४२) ‘प्ले इट अगेन, सॅम’ही तसंच, त्या शब्दांत ते कुणीच म्हणत नाही. त्यामुळे कुणी संवाद फेकला की मी उलट विचारतो: हे म्हणताना तो कुठं उभा होता, हातात काय होतं? ज्याला खरंच दृश्य आठवतंय तो पटकन सांगतो. बाकीचे डोकं खाजवतात.

अजून एक विचारून घ्या: बोलतात का? वर्णनात कुणीच बोलत नसेल तर मूकपट असण्याची शक्यता बरीच. पण इथंही चॅप्लिन गोत्यात आणतो. बोलपट येऊन बरीच वर्षं झाल्यावर, १९३६ मध्ये, त्यानं ‘मॉडर्न टाइम्स’ काढला आणि त्यात माणसं जवळपास बोलतच नाहीत. यावर मी दोनदा गुण घालवलेत.

आणि एवढं सगळं करूनही कधी कधी भांडण होतंच. ‘गोळीबार चाललाय आणि बाळ असलेली बाबागाडी पायऱ्यांवरून घरंगळतेय.’ मी ‘बॅटलशिप पोटेमकिन’ म्हणालो, १९२५ चा, ओडेसाच्या पायऱ्या. दुसरा म्हणाला ‘द अनटचेबल्स’, १९८७, शिकागोचं रेल्वे स्टेशन. दोघंही बरोबर, कारण ‘द अनटचेबल्स’चा दिग्दर्शक ब्रायन डी पाल्मानं ‘पोटेमकिन’चा दिग्दर्शक आयझेनस्टाइनला सलाम म्हणूनच तो प्रसंग घेतला होता. आम्ही अर्धा-अर्धा गुण वाटून घेतला. सांगणारी मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिली की तिच्या मनात तिसराच चित्रपट होता, आणि त्याचं नाव तिला आजतागायत आठवलेलं नाही.