ऊलाँग चहा म्हणजे नक्की काय, आणि इतक्या चिनी प्रकारांत सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न असा आहे की ग्रीन टी कडू लागतो म्हणून ऊलाँग घ्यायचा विचार आहे, पण ऑनलाइन शोधलं की वीस-पंचवीस चिनी नावं अंगावर येतात. त्यातलं काय घ्यावं आणि करावं कसं?

ऊलाँग ही झाडाची वेगळी जात नाही. ज्या झाडापासून ग्रीन टी होतो आणि आपली सीटीसी पावडर होते, त्याच झाडाचं हे पान. फरक पडतो तो तोडणीनंतरच्या एका रात्रीत. चिरलेलं वांगं हवेवर काळं पडतं, तसं दुखावलेलं चहाचं पान लालसर होत जातं. ग्रीन टीत पानाला लगेच उष्णता देऊन ही क्रिया होऊच देत नाहीत, काळ्या चहात पुरती होऊ देतात, आणि ऊलाँगमध्ये मध्येच अडवतात. कुठे अडवायची हे ठरलेलं नाही. साधारण 10 टक्क्यांपासून 70-80 टक्क्यांपर्यंत कुठेही. त्यामुळे एक ऊलाँग हिरवट आणि फुलांच्या वासाचा निघतो, तर दुसरा तांबूस आणि भाजक्या चवीचा, आणि दोन्हींच्या पाकिटावर नाव एकच.

पानं आधी उन्हं कलल्यावर थोडी कोमेजवतात, मग बांबूच्या सुपांत किंवा फिरत्या पिंपात घोळवतात. कडा एकमेकींवर घासून दुखावतात, मधला भाग शाबूत राहतो. घोळवायचं, तासा-दोन तासांनी पुन्हा घोळवायचं, असं रात्रभर चालतं. कच्च्या गवतासारखा वास जाऊन फुलांचा वास सुटला की पानं सणसणीत तापलेल्या कढईत किंवा पिंपात टाकून क्रिया थांबवतात. कोवळी कळी ही घासाघीस सोसत नाही, म्हणून शेंडा उघडल्यानंतरची तीन-चार मोठी पानं तोडतात. 'दोन पानं एक कळी' हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. ऊलाँगमध्ये कळी दिसली नाही तर दुकानदाराशी भांडू नका.

आता नावं. तैवानचा ऊलाँग हा वेगळाच मोठा विषय आहे. चीनपुरतं बोलायचं तर तीन ठिकाणं लक्षात ठेवली की पुरे.

पहिलं, फूच्येन प्रांताच्या दक्षिणेचं आनशी. इथला तिएगुआनयिन. पानं कापडात गच्च बांधून पुन्हा पुन्हा पिळतात, म्हणून त्याच्या घट्ट गोळ्या होतात. (याच भागातल्या बोलीतल्या 'ते'वरून इंग्रजीचा 'टी' आला, आपला 'चहा' मात्र 'छा' म्हणणाऱ्यांच्या बाजूचा.) तिएगुआनयिनच्या दोन तऱ्हा आहेत: हिरवट, हलका आणि भाजलेला, दाट. घेताना कुठला ते विचारून घ्या. ऊलाँगची जुनी ओळख म्हणजे हिरवं पान, लाल कड. चहा पिऊन झाल्यावर एक भिजलेलं पान बोटांनी उलगडून बघितलं की ती कड दिसते. आजच्या हिरवट तिएगुआनयिनमध्ये मात्र पाणी स्वच्छ यावं म्हणून लाल कड आपटून झाडून टाकतात. तिथे पानाच्या कडा फाटक्या दिसल्या तर माल खराब आहे असं समजू नका.

दुसरं, उत्तर फूच्येनमधले वूयी डोंगर. खडकांच्या फटींत, दऱ्यांत वाढणाऱ्या या चहाला खडकचहाच म्हणतात. पानं लांब, पीळदार, काळपट. राखेने झाकलेल्या कोळशावर बांबूच्या टोपल्यांत तासन् तास शेकलेली. यातला रोउग्वेइ म्हणजे शब्दशः दालचिनी, आणि वासही तसाच तिखटसर. श्वेइश्येन मवाळ. इथल्याच दा होंग पाव या चहाच्या नावावर मात्र सर्वांत जास्त फसवाफसवी चालते. त्याच्या कड्यावरच्या सहा मूळ झाडांची तोडणी 2006 पासून बंद आहे, त्यामुळे 'मूळ झाडाचा' असं सांगून कोणी विकत असेल तर तिथून निघा. बाजारातला दा होंग पाव बहुतेकदा वूयीतल्याच वेगवेगळ्या जातींचं मिश्रण असतो, आणि त्यात गैर काहीच नाही. चांगलं मिश्रण हेही कसब आहे.

तिसरं, ग्वांगडोंग प्रांतातल्या चाओझोऊजवळचा फेंगह्वांग डोंगर. इथल्या चहाला दानत्सोंग म्हणतात आणि त्याचे प्रकार वासावरून ओळखतात. मी लान श्यांग हा मध आणि ऑर्किडच्या वासाचा. या शी श्यांगचा अर्थ चक्क बदकाच्या विष्ठेचा वास! प्रत्यक्षात वास फुलांचा. इतकं चांगलं झाड कोणी पळवू नये म्हणून शेतकऱ्याने मुद्दाम हे नाव ठेवलं, असं सांगतात. दृष्ट लागू नये म्हणून पोराचं नाव धोंडू ठेवणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळं समजवावं लागणार नाही.

करायची पद्धत. तुमचा ग्रीन टी कडू होतो तो बहुधा उकळतं पाणी ओतल्यामुळे; त्याला 75-80 अंश पुरतं. ऊलाँगचं उलट आहे, त्याला 95 ते 100 अंशांचं पाणी लागतं. पाणी कोमट असेल तर गोळ्या उलगडतच नाहीत आणि मग 'चवच नाही' अशी तक्रार येते. 100 मिलीच्या झाकणाच्या छोट्या कपात 5 ग्रॅम पानं घ्या. वजनकाट्यावर मोजा, कारण चमचाभर गोळ्या आणि चमचाभर पीळदार पानं यांच्या वजनात दुपटीचाही फरक पडतो. पहिलं पाणी 5 सेकंदांत ओतून टाका. मग 15 सेकंद, पुढच्या वेळी 20, मग 30, असं त्याच पानांवर सहा-सात वेळा होतं. दर वेळी शेवटच्या थेंबापर्यंत गाळा. तळाशी राहिलेलं पाणी पुढचा कप कडू करतं. दानत्सोंग यात सर्वांत हट्टी, सुरुवातीला 5 सेकंदांच्या वर ठेवला की तुरट. एवढा खटाटोप नको असेल तर 200 मिलीला 3 ग्रॅम, 3 मिनिटं. बोअरचं जड पाणी वापरू नका, सुगंध मरतो. दूध-साखर तर नकोच.

सुरुवातीला मी दोनच घ्यायला सांगेन: भाजलेला तिएगुआनयिन आणि साधा श्वेइश्येन, प्रत्येकी 50 ग्रॅम. दोन्ही चुका पोटात घालतात. दुधाळ वासाचा म्हणून विकला जाणारा 'मिल्क ऊलाँग' सध्या टाळा. पाकीट उघडताच बासुंदीसारखा वास आला आणि तिसऱ्या पाण्याला तो नाहीसा झाला, तर तो वरून लावलेला आहे असं समजा.

भाजलेला चहा हवाबंद डब्यात बाहेर ठेवला तरी टिकतो. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात तो मऊ पडला तर कोरड्या तव्यावर अगदी मंद आचेवर पाच मिनिटं हलवत शेकून घ्या, बराच सावरतो. तवा मात्र फोडणीचा नको, चहा सगळे वास ओढून घेतो. हिरवट तिएगुआनयिनला ही युक्ती लागू नाही. तो सीलबंद करून फ्रीजमध्येच ठेवायचा, आणि बाहेर काढल्यावर पाकीट खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायचं नाही. नाहीतर थंड पानांवर दव धरतं आणि आठवडाभरात सुगंध गेलेला असतो.