वाचकांचे प्रश्न : खर्च कोण मंजूर करायचं, कर कोण लावायचं?

प्रश्न (चंदगड) : घरात १९१२ सालची शेतसाऱ्याची पावती आहे. सारा २४ रुपये आणि खाली वेगळा ‘लोकल फंड १ रुपया ८ आणे’. हा कर कोल्हापूर दरबाराचा का?

नाही. चंदगड १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात, म्हणजे थेट ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्यात होतं. आजच्या जिल्ह्याच्या नकाशावरून जुने कागद लावायला गेलं की इथेच घोटाळा होतो.

लोकल फंडाचा दर होता साऱ्याच्या रुपयामागे एक आणा. २४ रुपयांवर २४ आणे, म्हणजेच दीड रुपया. १८६९ च्या मुंबईच्या कायद्याने या वसुलीला आधार मिळाला. मूळ वाटणी दोन हिस्से रस्त्यांना आणि एक हिस्सा शाळांना अशी होती. त्या हिशेबाने तुमच्या पावतीतला रुपया रस्त्याकडे गेला, आठ आणे शाळेकडे. कायदा करणाऱ्या कौन्सिलात तेव्हा लोकांनी निवडून दिलेला एकही सभासद नव्हता. पुढे १८८४ च्या कायद्याने लोकल बोर्डं (स्थानिक कामं पाहणारी मंडळं) आली, पण त्यांची मुख्य कमाई साऱ्यालाच बांधलेली राहिली. दुष्काळात सारा माफ झाला की फंडही आटायचा, तोही नेमका रस्त्याच्या कामावर माणसं लावायची गरज असताना.

प्रश्न (राजारामपुरी, स्पर्धा परीक्षेची विद्यार्थिनी) : १९१९ च्या कायद्याने प्रांतिक कायदेमंडळाला खर्चावर मताचा हक्क मिळाला असं एका पुस्तकात आहे, दुसऱ्यात तो नावापुरता होता असं. काय धरायचं?

दोन्ही धरा, फक्त क्रम चुकवू नका. १८६१ च्या कायद्यात अंदाजपत्रक कौन्सिलपुढे येतच नव्हतं. १८९२ ला चर्चा आणि प्रश्न आले, मत नाही. १९०९ ला ठराव मांडता येऊ लागले, पण ते सरकारने पाळलेच पाहिजेत असं नव्हतं. १९१९ च्या कायद्याने खर्च ‘मागणी’ म्हणून सभागृहापुढे यायला लागला. ती मंजूर करा, फेटाळा किंवा कापा. वाढवायची मुभा नव्हती. गव्हर्नरच्या शिफारशीशिवाय पैशाची सूचनाच मांडता येत नसे.

आता मेख. व्याज आणि कर्जफेड, हायकोर्टाच्या न्यायाधीशांचे पगार, भारतमंत्र्यांनी (भारताचा कारभार पाहणारे ब्रिटनचे मंत्री) नेमलेल्या अधिकाऱ्यांचे पगार आणि पेन्शन, हे सगळं मताबाहेर. मध्यवर्ती सरकारला द्यायची वर्गणीही तशीच. मेस्टन निवाड्याने (प्रांतांनी केंद्राला किती द्यायचं हे ठरवणारा) मुंबईवर ती ५६ लाखांची बसवली होती. उरलं त्यात पोलीस, न्याय, जमीन महसूल ही राखीव, म्हणजे गव्हर्नर आणि त्याच्या कार्यकारी मंडळाकडची खाती. तिथे कपात झाली तरी ‘जबाबदारी पार पाडायला हा खर्च आवश्यक आहे’ असा दाखला देऊन गव्हर्नर रक्कम पुन्हा बहाल करू शके. शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य या सोपीव, म्हणजे सभागृहातल्या मंत्र्यांकडे दिलेल्या खात्यांतली कपात मात्र टिकायची. तिथे गव्हर्नरचा खास अधिकार आणीबाणीपुरता. परीक्षेत नेमका हा फरक विसरला जातो. वेळही मोजका : सगळ्या मागण्यांना जास्तीत जास्त १२ दिवस, एका मागणीला २.

माझ्या मते खरी गोम वेगळीच आहे. अर्थखातं स्वतःच राखीव होतं. म्हणजे शाळा मंत्र्याच्या आणि तिजोरीची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला. जमेच्या बाजूला तर सभागृहाचा हात आणखी आखूड. साऱ्याची फेरआकारणी हे सरकारी कारभाराचं काम, त्याला कौन्सिलचं मत लागतच नसे. १९२८ मध्ये गुजरातेतल्या बारडोलीची साऱ्यातली सुमारे २२ टक्क्यांची वाढ खाली आली ती सत्याग्रहानंतरच्या चौकशीने, सभागृहातल्या मताने नव्हे.

प्रश्न (शाहूपुरी) : त्या काळी नगरपालिकेला जकात लावायला दिल्लीची परवानगी लागायची का?

१९२० च्या कर-नियमांना दोन याद्या होत्या. दुसरीत स्थानिक संस्थांचे कर : जकात, टोल, घरं, वाहनं, जनावरं, धंदे, पाणी आणि दिवाबत्ती वगैरे. यादीतला कर असेल तर गव्हर्नर-जनरलची, म्हणजे दिल्लीची, पूर्वसंमती लागत नसे. यादीबाहेरचा असेल तर लागे. हे झालं ब्रिटिश मुलखातलं. कोल्हापूरची नगरपालिका १८५४ ची असली तरी ती संस्थानातली, तिच्यावर मुंबई कौन्सिलचा हुकूम चालत नव्हता. १ मार्च १९४९ ला विलीनीकरण झाल्यावर चित्र बदललं.

प्रश्न (गडहिंग्लज) : कोल्हापूरच्या कुणी मुंबईच्या तिजोरीचा कारभार केला आहे का?

हो, अण्णासाहेब लठ्ठे. कोल्हापूरचे माजी दिवाण, आणि १९३७ पासून मुंबई प्रांताच्या खेर मंत्रिमंडळात अर्थमंत्री. दारूबंदीने अबकारीचं (दारूवरच्या कराचं) उत्पन्न बुडणार म्हणून १९३९ मध्ये मुंबई शहरातल्या स्थावर मिळकतींवर वार्षिक भाडेमूल्याच्या १० टक्के कर आला. हा उत्पन्नावरचा कर, म्हणजे केंद्राचा विषय, असं म्हणत मालक हायकोर्टात गेले. १९३५ च्या कायद्यात जमिनी आणि इमारतींवरचा कर प्रांतिक यादीत होता. कोर्टाने कर कायम ठेवला.