सूत्र पाठ आहे, तरी आगगाडी चुकते

"मुलगी आठवीत आहे, शिष्यवृत्तीला बसलीय. बाकीचं गणित चांगलं आहे, पण वेग-अंतर-काळ आलं की घाबरते. सूत्र झोपेतून उठवलं तरी सांगेल, उत्तर मात्र चुकतं." परीक्षा जवळ आली की अशी तक्रार घेऊन पालक समुपदेशकाकडे येतातच. त्यातल्याच एका मुलीची ही हकीकत. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

वडिलांनी निदान आधीच करून ठेवलं होतं: हात सावकाश चालतो. पेपरात ७५ प्रश्न आणि ९० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला ७२ सेकंद. म्हणून घरी मोबाईलवर ७२ सेकंद लावून सराव चालला होता आणि घंटी वाजली की मुलगी पेन खाली ठेवत होती. मुळात ७२ सेकंद ही सरासरी आहे. भाषेचे बरेचसे प्रश्न अर्ध्या मिनिटात होतात, तिथे वाचलेला वेळ आगगाडीच्या गणिताला द्यायला कोणाची हरकत नाही.

समुपदेशकाने धीर देण्याआधी वही मागितली. चुकलेली गणितं मुलीने पुन्हा सोडवायची होती, पण मोठ्याने बोलत आणि घड्याळाशिवाय. पहिलंच गणित असं: १५० मीटर लांबीची आगगाडी ताशी ५४ किमी वेगाने ३०० मीटर लांबीचा पूल किती सेकंदांत ओलांडेल? तिने लगेच वेग, अंतर, वेळ असा त्रिकोण काढला, अंतराच्या घरात ३०० लिहिलं, ५४ चे १५ मीटर प्रतिसेकंद अचूक केले आणि २० सेकंद उत्तर दिलं. पर्यायांत २० होतं. त्यामुळे शंका यायचं कारणच नव्हतं.

घोटाळा इथेच आहे. चुकीचे पर्याय हवेतून येत नाहीत, मुलं नेहमी जिथे चुकतात तिथूनच ते काढलेले असतात. गाडीची लांबी विसरलात तर २०, पुलाची विसरलात तर १०. आपलं उत्तर पर्यायांत सापडलं म्हणजे ते बरोबर, ही समजूत आधी सोडावी लागते.

मुलीला विचारलं, "इंजिन पुलाच्या पलीकडच्या टोकाला पोचलं, तेव्हा शेवटचा डबा कुठे आहे?" तिने पट्टीवर खोडरबर सरकवून पाहिलं आणि स्वतःच म्हणाली, "अजून पुलावरच." मग अंतर ४५० मीटर आणि वेळ ३० सेकंद. खांब किंवा उभा माणूस असेल तर फक्त गाडीची लांबी. पूल, फलाट, बोगदा असेल तर दोन्हींची बेरीज. समोरून दुसरी गाडी येत असेल तर लांब्यांची बेरीज आणि वेगांचीही, त्याच दिशेने जात असेल तर लांब्यांची बेरीज पण वेगांची वजाबाकी. त्रिकोण यातलं काहीच सांगत नाही. आकडे हातात आल्यावर भागायचं की गुणायचं, एवढंच तो सांगतो. क्लासमध्ये त्याचं फार कौतुक होतं, ते जरा कमी झालं तर बरं.

उरलेल्या चुकांची वर्गवारी तिच्याकडूनच करून घेतली. बऱ्याच चुका वेळ लिहिण्यातल्या निघाल्या. २ तास १५ मिनिटं तिने २.१५ लिहिलं होतं, ते सव्वादोन, म्हणजे २.२५. सकाळी ९.४० ला सुटलेली बस दुपारी १.१० ला पोचली, तर तिने १३.१० मधून ९.४० वजा करून ३.७० काढले आणि त्याचे ४ तास १० मिनिटं केले. अशी वजाबाकी करूच नये, पुढे मोजत जावं: ९.४० ते १० वीस मिनिटं, १० ते १ तीन तास, वर दहा मिनिटं. साडेतीन तास.

एककांत ती पक्की होती. ज्यांची गडबड होते त्यांनी १८ ला ५, म्हणजे ताशी १८ किमीला सेकंदाला ५ मीटर, एवढं धरून ठेवावं. १००० ला ३६०० ने भागलं की ५/१८ च उरतात, म्हणून ३६ ला १०, ५४ ला १५, ७२ ला २०, ९० ला २५.

सरासरी वेगाने मात्र छळलं. जाताना ताशी ४०, येताना ताशी ६०, सरासरी किती? ती ५० वर अडून बसली. नियम न सांगता तिला अंतर १२० किमी धरायला सांगितलं: जायला ३ तास, यायला २. एकूण २४० किमी ५ तासांत, म्हणजे ताशी ४८. सावकाश जाताना जास्त वेळ गेला, म्हणून सरासरी ४० कडे झुकली. हे एकदा पटलं, तरी पुढच्या आठवड्यात ती पुन्हा ५० म्हणाली. ही चूक एका बैठकीत जात नाही, पालकांनी त्यावरून बोलू नये.

वडिलांना दोन गोष्टी सांगितल्या. पंधरा दिवस घड्याळ बंद. आणि प्रत्येक गणिताच्या आधी समासात दोन ओळी: नक्की किती अंतर कापायचं, आणि उत्तर साधारण केवढं येईल. माणूस तासाला ४-५ किमी चालतो, सायकल १२-१५ जाते. सायकलस्वाराचा वेग ताशी ९० आला तर पान उलटण्याआधी थांबायचं.

पेपरात ही गणितं दुसऱ्या फेरीसाठी ठेवायला हरकत नाही, फक्त ओएमआर उत्तरपत्रिकेवर तो क्रमांक सोडून पुढचा गोल रंगवायचा, नाहीतर खालची सगळी उत्तरं एकेक घर सरकतात.

"रोज किती गणितं घालू?" वडिलांनी निघताना विचारलं. चार पुरेत: एक पुलाचं, एक घड्याळाच्या वेळांचं, एक सरासरीचं, एक मागून गाठण्याचं. एकाच प्रकारची वीस घातली तर अकराव्यापासून मूल प्रश्न वाचणंच सोडून देतं.