भाऊसाहेबांनी वकिली कायले सोडली?

प्रश्न : माहा पोरगा अमरावतीला लॉ करून रायला. तो म्हणते वकिलीत काही दम नाई, राजकारण करायचं तं डायरेक्ट दिल्लीच पाहा लागते. आमच्या घरी पंजाबराव देशमुखांचा फोटो आहे, पण मले ते कृषिमंत्री होते एवढंच माहीत. ते खरंच वकील होते का? मंग वकिली कायले सोडली?
(एक कास्तकार, नांदगाव खंडेश्वर तालुका)

उत्तर : दादा, वकील काय, पंजाबराव म्हणजे आपले भाऊसाहेब बॅरिस्टर होते! अन् तुमच्याच तालुक्यातले, पापळचे, जन्म २७ डिसेंबर १८९८ चा. वडील शामराव शेतकरी माणूस, पोराला विलायतेत शिकवायला त्यांनी वावर गहाण टाकलं. तिकडून पोरगा बॅरिस्टर होऊन आला, वरून ऑक्सफर्डला वैदिक वाङ्मयातल्या धर्मावर डॉक्टरेट केली ती वेगळीच, अन् १९२६ ला अमरावतीत वकिली सुरू केली.

पण पुढच्याच वर्षी, १९२७ ला, अंबादेवीच्या देवळात अस्पृश्यांना प्रवेश पाहिजे म्हणून सत्याग्रह उभा राहिला अन् भाऊसाहेब त्यात पुढं होते. मला हे फार मोठं वाटतं, कारण वेद शिकून आलेल्या माणसाला शास्त्राचा धाक कोण दाखवणार? त्याच वर्षी विमलाबाईंशी आंतरजातीय लग्न केलं, अन् तेही त्या काळात! (विमलाबाई पुढं स्वतः राज्यसभेत गेल्या, हे कोणी सांगतच नाही.)

आता तुमच्या पोराच्या मुद्द्यावर येते. भाऊसाहेब डायरेक्ट दिल्लीला नाही गेले. १९२८ ला जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले, सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. १९३० ला मध्यप्रांत-वऱ्हाडचे मंत्री झाले, शिक्षण अन् शेती त्यांच्याकडं, १९३३ ला राजीनामा दिला. शिवाजी शिक्षण संस्था उभी केली, जिच्या शाळा-कॉलेजात आपल्याकडची किती घरं शिकली. मग घटना समिती, मग १९५२, ५७ अन् ६२ अशा तीनदा लोकसभेवर, अन् १९५२ ते ६२ कृषी खातं. म्हणजे अमरावतीत वकिली सुरू केल्यापासून लोकसभेपर्यंत २६ वर्षं गेली, अन् त्यातली बरीचशी आपल्याच भागात.

म्हणून वकिली सोडली असं मी म्हणणारच नाही, कोर्टात एकाचं भांडण मांडायचे ते सभागृहात सगळ्या कास्तकारांचं मांडलं. पोराला म्हणा सुट्टीत तहसीलला बस, फेरफार अडलेले, पांदण रस्ता अडवलेला अशी चार माणसं रोज भेटतील, त्यांचे अर्ज फुकट लिहून दे. अन् एखाद्या रविवारी त्याला गाडीवर मागं बसवून पापळला घेऊन जाच.