पर्स ठेवलेली खुर्ची

"ताई, सगळ्या आपापल्या घोळक्यात असतात. मी एकटी गेले तर बसू कुठं?"

तिशीतली, ह्यूस्टनमध्ये वाढलेली मराठी मुलगी. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) प्रश्न होता तिच्या सोरॉरिटीच्या अधिवेशनाचा. सोरॉरिटी म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजांमधली मुलींची संघटना. नाव बहुधा ग्रीक अक्षरांचं आणि सदस्यत्व जन्मभराचं. १८६७ साली इलिनॉयमधल्या मॉनमथ कॉलेजात १२ जणींनी सुरू केलेली पाय बीटा फाय आजही चालू आहे. १९९८मध्ये टेक्सासात दक्षिण आशियाई मुलींसाठीही अशी संघटना निघाली. तिथे एकमेकींना 'सिस्टर' म्हणतात, आणि तिथलं एकटेपण नेमकं त्यामुळेच जास्त लागतं. परक्यांत एकटं पडलं तर आपण म्हणतो, चालायचंच. बहिणींत एकटं पडलं की माणूस स्वतःतच खोट शोधायला लागतो.

मागच्या वेळी मोठ्या जेवणाच्या रात्री ती तीन टेबलांपाशी गेली होती. दहा-दहा जणींची गोल टेबलं. रिकाम्या खुर्च्यांवर पर्स ठेवलेल्या. "सॉरी, कुणीतरी येतंय." चौथ्या टेबलाकडे ती गेलीच नाही. खोलीत येऊन, छातीवरची संघटनेची पिनही न काढता, पलंगावर बसून तिने चिप्स खाल्ले.

मी तिला तो सगळा दिवस तासातासाने सांगायला लावला. सत्रांमध्ये ती छान होती, उठून बोललीही होती. म्हणजे प्रश्न बुजरेपणाचा नव्हताच. त्रास व्हायचा तो मधल्या वेळात: नाश्त्याची रांग, लिफ्ट, जेवणाआधीची वीस मिनिटं. मग आम्ही तेवढ्याच वेळाचा विचार केला. खोलीत जोडीदारीण मिळेल का, हे आधीच विचारायचं. जेवणाला दहा मिनिटं लवकर जाऊन रिकाम्या टेबलावर बसायचं. आधी बसलेल्याला जागा मागावी लागत नाही. इतरच येऊन विचारतात.

पण सगळा भार एकटीने आलेल्या बाईवरच टाकणं मला पटत नाही. "सगळ्या आपल्याच आहेत, बस कुठंही," हे स्वागत नव्हे. स्वागतात वेळ हवी, जागा हवी, वाट बघणारं माणूस हवं. मी तिला हे आयोजकांना लिहायला सांगितलं. तिने लिहिलं, आणि त्यांनी तिलाच नोंदणीच्या टेबलावर बसवलं!

परत आल्यावर तिने सांगितलं, "सुरुवातीला मी विचारत होते, एकटीच आलीस का? एकीचा चेहरा पडलेला पाहिला आणि तो प्रश्न सोडून दिला." मग ती एकटीने आलेल्या प्रत्येकीला म्हणायला लागली, "सव्वासहाला मी लिफ्टपाशी थांबते. जेवायला बरोबर जाऊ."

सव्वासहाला सहा जणी आल्या. त्यांतली एक सत्तरीची, कितीतरी वर्षांनी अधिवेशनाला आलेली. टेबलावर तीन खुर्च्या उरल्या. पर्स सगळ्यांनी पायाशी ठेवल्या होत्या.